युरोपच्या ग्रुप टूरवर आई-बाबांना रोजचे किती पैसे लागतील?

जुळे सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. आई-बाबा दोघंही पासष्टीच्या आसपासचे. मे महिन्यात १२ दिवसांच्या युरोप ग्रुप टूरला निघालेत: पॅरिस, बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली. टूरचे पैसे भरून झालेत. कंपनीचं म्हणणं, ‘सगळं समाविष्ट आहे, खिशातून फारसं काही जात नाही.’ गेल्या वर्षी जाऊन आलेले शेजारी म्हणतात, माणशी हजार युरो हवेतच. चुलतभाऊ म्हणतो, माणशी रोजचे पन्नास धरा. यातलं खरं कोणाचं, आणि पैसे रोख द्यायचे की कार्डावर?

ताई, मी टूर मॅनेजर म्हणून सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या ग्रुपांबरोबर बरीच वर्षं फिरतोय. तिघांचंही खरं असू शकतं. कंपनी फक्त टाळता न येणारा खर्च मोजते. शेजाऱ्यांनी त्यांची घड्याळं, चॉकलेटं आणि परफ्यूम त्यात धरलंय. चुलतभाऊ बहुधा एकट्यानं फिरून आलेला असेल, त्याला तिन्ही वेळचं जेवण आणि मेट्रोचं तिकीट स्वतः काढावं लागलं असेल.

म्हणून ‘रोजचे किती’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी बघायचंय ते हे की टूरच्या पैशांत न बसलेला कुठला खर्च, कुठल्या दिवशी, कुठल्या चलनात तुमच्या अंगावर येणार आहे. सरासरी आकडा ग्रुप टूरवर हमखास फसवतो. एखादा दिवस अख्खा कोचमध्ये जातो आणि चार युरोही खर्च होत नाहीत. दुसऱ्या दिवशी व्हेनिसला तुमच्या आईला गोंडोलात बसावंसं वाटतं, आणि त्या दिवसाचा पन्नासचा हिशेब सकाळीच मोडतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कार्यक्रमाचा कागद समोर घ्या आणि त्यातला ‘समाविष्ट नाही’ हा बारीक अक्षरातला रकाना वाचा. सगळ्यात मोठा फरक दुपारच्या जेवणानं पडतो. नाश्ता आणि रात्रीचं भारतीय जेवण जवळजवळ सगळ्या कंपन्या देतात. दुपारचं काही देतात, काही देत नाहीत, आणि काही कंपन्या काही दिवशी देतात, काही दिवशी देत नाहीत. हा तिसरा प्रकार सगळ्यात गोंधळाचा. दुसरी गोष्ट टीपची. ड्रायव्हर आणि गाईडची टीप आधीच भरून घेतलीय की तिथं रोख गोळा करणार? तिसरी, इटलीत हॉटेलवर माणशी, रात्रीमागे लागणारा सिटी टॅक्स. आणि चौथी, व्हेनिसला दिवसभरासाठी येणाऱ्यांना ठरावीक तारखांना २०२४ पासून प्रवेश शुल्क आहे, ते कंपनीच्या खात्यात की तुमच्या? ही चार उत्तरं फोनवर नको, मेसेजवर लेखी घ्या. ऑफिसातला मुलगा फोनवर ‘हो हो, सगळं आहे’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला एवढ्या खोलात कोणी विचारलेलंच नसतं.

आता आकडे. १२ दिवसांतला पहिला दिवस विमानात आणि शेवटचा विमानतळावर जातो. खऱ्या फिरण्याचे १० दिवस धरू, त्यातले ३ स्वित्झर्लंडचे. दुपारचं जेवण समाविष्ट नसेल तर स्वित्झर्लंड सोडून इतर देशांत सँडविच किंवा पिझ्झा, फ्राइज आणि एखादं पेय यांना माणशी साधारण १५ युरो मी धरतो. स्वित्झर्लंडमध्ये तेच २०-२२ फ्रँकच्या खाली जमत नाही. वरचा चिल्लर खर्च, म्हणजे एखादी कॉफी, पाण्याची बाटली, स्वच्छतागृह, फार तर एक आइस्क्रीम, याला माणशी रोज ७ युरो. दोघांचं मिळून जेवणाचं होतं २१० युरो आणि १३२ फ्रँक, चिल्लरचं १४० युरो. फ्रँक युरोपेक्षा किंचित महाग आहे, तेव्हा एकूण पाचशे युरोच्या आत-बाहेर. म्हणजे माणशी रोजचे २५. दुपारचं जेवण कंपनीचं असेल तर हाच आकडा थेट ७ वर येतो. कागद वाचायला सांगितला तो यासाठी.

टीप आधी भरलेली नसेल तर माणशी रोज ३ युरो धरून दोघांचे ७२ होतात. यात घासाघीस नको. ग्रुपमध्ये एकटं मागे राहणं बाबांना आवडणार नाही, आणि ड्रायव्हर सकाळी सातला तुमच्या बॅगा कोचच्या पोटात घालून रात्री नऊला बाहेर काढत असतो.

स्वित्झर्लंडबद्दल एवढंच लक्षात ठेवा की तिथं युरो बऱ्याच ठिकाणी घेतात, पण दर त्यांचा आणि सुटे फ्रँकमध्ये. मग ते फ्रँक इटलीत पोचल्यावर काही कामाचे राहत नाहीत. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. दुपारी कोऑप किंवा मिग्रोस या तिथल्या सुपरमार्केटांच्या सेल्फ-सर्व्हिस रेस्टॉरंटमध्ये गेलं तर खर्च आटोक्यात राहतो. ताटात काय आहे ते डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींची भाषेची अडचणही कमी होते.

आता ज्या गोष्टीवर मला जास्त बोलायचंय ती. आपल्याकडची मोठी माणसं पाण्यावर आणि स्वच्छतागृहावर पैसे वाचवतात. जर्मनीच्या हायवेवर स्वच्छतागृहाला १ युरो लागतो. बऱ्याच ठिकाणी त्याच रकमेचं कुपन मिळतं, ते तिथल्याच दुकानात वापरता येतं, हे सांगितलं तरी मनातला हिशेब थांबत नाही. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलाय. ‘एकदा जायला शंभर रुपये?’ असं म्हणून आजी कोचमध्येच बसून राहतात. मग जायला लागू नये म्हणून पाणी कमी पितात. चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं धरतं, पाय सुजतात, लघवीला जळजळ होते, आणि त्यानंतर तीन दिवस त्या माउलीला ना टिटलिस दिसतो ना आल्प्स. हे मी इतक्या वेळा बघितलंय की निघायच्या आधीच्या मीटिंगला मी पहिली हीच गोष्ट सांगतो. तुम्ही आईंना १ आणि २ युरोच्या नाण्यांची छोटी पर्स वेगळी द्या आणि सांगा, हे पैसे याच कामाचे आहेत, यातलं एकही नाणं घरी परत आणायचं नाही. विमानतळावर उतरल्यावर पाण्याची एक बाटली घेतली की हवी तेवढी नाणी सुटतात.

पाण्यावर मात्र खरंच वाचवता येतं. या सगळ्या देशांत हॉटेलच्या नळाचं पाणी प्यायला चालतं. रोममध्ये रस्त्याकडेला लोखंडी नळ अखंड वाहत असतात, ते पिण्याचंच पाणी आहे आणि फुकट आहे. घरून दोन रिकाम्या बाटल्या न्यायच्या, रोज सकाळी भरायच्या. पॅरिसच्या रस्त्यांवरची सार्वजनिक स्वच्छतागृहंही फुकट आहेत. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभं राहून घेतली तर दीड युरोच्या आसपास पडते. तीच सान मार्को चौकात खुर्चीवर बसून घेतली तर दहाच्या पुढे, आणि वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे पैसे आणखी वेगळे. एकदा मुद्दाम बसा, मजा आहे. नकळत बसू नका.

जेवणाचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायला माझी हरकत नाही, उलट आग्रहच आहे. आठवडाभर खराब न होणारं, गरम न करता खाता येणारं आणि वासानं कोणाला त्रास न देणारं असं दुसरं काही मला माहीत नाही. पण ते रोजच्या दुपारच्या जेवणाऐवजी नको. रात्री उशीर झाला, बाबांना मधुमेह असेल आणि वेळेवर काही तोंडात टाकायला हवं असेल, किंवा सलग तीन दिवस ब्रेड बघून कंटाळा आला, तेव्हासाठी ते आहे. पेढे, खवा, पनीर आणि मांसाचं काहीही बॅगेत नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. ताजी फळंही घरीच ठेवा.

रोजचा खर्च आणि टीप यांनंतर तिसरा खर्च ऑप्शनल सहलींचा, म्हणजे जादा पैसे भरून करायच्या सहलींचा. कोचमध्ये माइकवर जाहीर होतं, ‘आज संध्याकाळी ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या,’ आणि शेजारच्या सीटवरचे हात वर करतात म्हणून आपलाही हात वर जातो. याचा निर्णय घरी घ्या. गोंडोलाचं उदाहरण घेऊ. व्हेनिसमध्ये शहरानंच दर ठरवून दिलाय: दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी ७ नंतर ११०, आणि तो पूर्ण नावेचा, माणशी नाही. नावेत पाच जण बसतात. म्हणजे ग्रुपमधल्या पाच जणांनी मिळून घेतली तर माणशी १८ युरो. कोणी याहून फार जास्त सांगत असेल तर त्यात आणखी काय देताय ते विचारा. एखाद-दोन ऑप्शनल मनासारख्या करायला दोघांत १५० युरो बाजूला ठेवा. न केल्यास उरतील.

खरेदी मात्र या हिशेबात अजिबात मिसळू नका. गड्ड्याच्या जत्रेत पोराच्या हातात सगळे पैसे एकदम दिले तर पहिल्या पाळण्यापाशीच संपतात. मोठ्यांचं नेमकं उलटं होतं. आठ दिवस दोन युरोची कॉफी नाकारायची आणि नवव्या दिवशी दुकानात नातवंडं, सुना, व्याही, ऑफिसातले मित्र सगळे एकदम आठवतात. पॅरिसला परफ्यूम, ल्युसर्नला घड्याळं आणि चॉकलेटं, व्हेनिसला काचेच्या वस्तू, असे थांबे कार्यक्रमात असतातच. तिथं घ्यायलाच हवं असं काही नाही, आणि तुम्ही काही घेतलं नाही म्हणून टूर मॅनेजर तोंड फिरवत असेल तर फिरवू द्या. निघायच्या आधी नावांची यादी करा, आकडा ठरवा, ती रक्कम कार्डावर वेगळी धरा. चॉकलेट सुपरमार्केटातलं घ्या, पर्यटकांच्या दुकानातलं नको. एखादी महाग वस्तू घेणार असाल तर करपरताव्याचा फॉर्म दुकानातच मागा. फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोच्या वर, इटलीत ७० च्या वर, स्वित्झर्लंडमध्ये ३०० फ्रँकपासून तो मिळतो. पासपोर्ट जवळ हवा, आणि परतीच्या दिवशी विमानतळावर (स्विस खरेदीसाठी स्वित्झर्लंड सोडतानाच सीमेवर) त्यासाठी वेळ हवा. ग्रुपबरोबर तो वेळ मिळतोच असं नाही, त्यामुळे वीस-पंचवीस युरो परत मिळवायला फार जिवाचा आटापिटा करू नका.

आतापर्यंतचं जोडून बघा. दुपारचं जेवण आणि टीप कंपनीच्या खात्यात असेल तर चिल्लर आणि ऑप्शनल मिळून दोघांना ३०० युरो पुरतात. दोन्ही तुमच्यावर असेल तर सव्वासातशेपर्यंत जाईल. याच्या बाहेर खरेदी, आणि तुमच्यावर असेल तर सिटी टॅक्स आणि व्हेनिसचं शुल्क. आणि याच्याही बाहेर ३०० युरो असे, की ज्यांना हात लावायचा नाही.

हे न हात लावायचे तीनशे कशाला? कोच चुकला तर टॅक्सी, चष्मा मोडला, बॅग आली नाही म्हणून दोन दिवसांचे कपडे, डॉक्टर. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा असतोच, पण दवाखान्यात दाखल न होता नुसतं डॉक्टरला दाखवलं तर बहुतेक वेळा पैसे आधी आपण भरायचे आणि पावती जोडून नंतर क्लेम करायचा. शिवाय दोघांच्याही खिशात एक ५० ची नोट आणि त्या रात्रीच्या हॉटेलचं कार्ड कायम हवं. गर्दीत चुकामूक झाली तर टॅक्सीवाल्याला कार्ड दाखवायचं, बास.

रोख की कार्ड, तर दोन्ही. माझ्या हिशेबानं दोघांत मिळून ३०० युरो आणि ५०-६० फ्रँक रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घ्यायच्या कार्डावर. युरो आणि फ्रँक दोन्ही ठेवता येतील असं कार्ड घ्या आणि दोन्ही चलनं आधी भरा, नाहीतर एकातून दुसऱ्यात बदलताना बँक वेगळं शुल्क लावते. नोटा मागताना ५, १० आणि २० च्याच मागा, ५० च्या थोड्या. १०० आणि २०० ची नोट बेकरीत कोणी घेत नाही. हॉलंडमध्ये उलटा अनुभव येतो, बऱ्याच दुकानांत रोख चालतच नाही, फक्त कार्ड. घरचं नेहमीचं क्रेडिट कार्ड सोबत असू द्या, पण आणीबाणीपुरतं. त्यावर बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के जादा लावतात, वर जीएसटी. आणि कुठल्याही मशीननं विचारलं की रुपयांत कापू की युरोत, तर युरो म्हणायचं. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा. हे आई-बाबांना मराठीत कागदावर लिहून द्या. यूपीआयवर विसंबू नका. आयफेल टॉवरच्या तिकिटांना ते २०२४ पासून चालतं हे खरं, पण पुढच्या गल्लीतल्या ब्रेडवाल्याकडे नाही.

चलन सोलापुरात मिळतं, पण छोट्या नोटा आणि फ्रँक काउंटरवर तयार असतीलच असं नाही. आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, दोन ठिकाणचा दर विचारा, आणि मुंबई विमानतळावर घेऊ असं ठरवू नका. तिथला दर सहसा सगळ्यात महाग पडतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागेल. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असतील तर पैसे बँकेतूनच द्यावे लागतात. परकीय नोटा या देशांसाठी माणशी ३००० डॉलरइतक्याच नेता येतात, पण तुमच्या हिशेबात ती मर्यादा लांबच राहिली. टूरच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे कंपनी आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरते तो कर, कापला असेल, तो खर्च म्हणून सोडून देऊ नका. ज्यांच्या पॅनवर तो जमा झालाय त्यांनी आयकर रिटर्न भरलं की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पेन्शनर मंडळी ‘आमचा टॅक्स बसत नाही’ म्हणून रिटर्न भरत नाहीत आणि ती रक्कम तशीच पडून राहते.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. पैसे दोघांत वाटून द्या. दोन कार्डं, दोन पाकिटं, रोख निम्मी निम्मी. चोरीच्या भीतीनं तर द्याच. पॅरिसची मेट्रो आणि रोमचं मुख्य स्टेशन पाकीटमारांसाठी बदनाम आहेत. पण माझं खरं कारण वेगळं आहे. सगळे पैसे काकांच्या कमरेच्या पट्ट्यात असतात आणि काकूंना आइस्क्रीम घ्यायला, स्वच्छतागृहात जायला, चुंबकाचं एखादं खेळणं घ्यायला दर वेळी हात पुढे करावा लागतो. चाळीस वर्षं संसार केलेली बाई दोन युरो मागताना संकोचते आणि मग मागणंच सोडते. आईंचं कार्ड आईंच्या नावानं काढा, पिन त्यांच्याकडून पाठ करून घ्या, आणि निघायच्या आधी इथंच नवी पेठेत त्यांच्या नेहमीच्या कार्डानं एकदा दुकानातल्या मशीनवर पैसे द्यायला लावा, म्हणजे हात बसेल.

रुपयांचं विसरू नका. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरलात आणि विमान रात्रीचं असेल तर दिवसभर थांबायची सोय, जेवण, विमानतळापर्यंतची टॅक्सी, हे सगळं टूरच्या बाहेरचं. परतीला तेच पुन्हा, दमलेल्या अंगानं. त्यासाठी आठ-दहा हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवा. देशाबाहेर जाताना माणशी २५,००० रुपयांपर्यंत भारतीय चलन जवळ ठेवता येतं.

हे सगळं युरोपचं झालं. कोणी दुबईला जात असेल तर हॉटेलात खोलीमागे, रात्रीमागे ‘टुरिझम दिरहम’ लागतो, तो बरेचदा तिथंच भरावा लागतो. बालीला २०२४ पासून दीड लाख रुपिया प्रवेश शुल्क आहे. आकडा ऐकून घाबरू नका, आपले हजार रुपयेही होत नाहीत. सिंगापूर-थायलंडला दुपारचं जेवण स्वस्तात उरकतं, पण शाकाहारी असाल तर तेवढं स्वस्त नाही, कारण मग भारतीय हॉटेलच शोधावं लागतं.

उरलेल्या नोटा परत आल्यावर १८० दिवसांच्या आत बँकेत बदलून घ्यायच्या. २००० डॉलरइतक्या पुढच्या वेळेसाठी घरात ठेवता येतात. नाणी इथं कोणी घेत नाही, ती रोमच्या विमानतळावर कॉफीत संपवा. कार्डावरचे पैसे बँकेला सांगून खात्यात परत घ्या.

मी धरलेले आकडे सरासरीचे आहेत. बाबांना संध्याकाळी बिअर लागत असेल, आईंना फार चालवत नसेल आणि एखाद-दुसरी टॅक्सी होणार असेल, तर वाढवा. कार्यक्रमाचा कागद मिळाला की कुठल्या दिवशी दुपारचं जेवण नाही आणि त्या दिवशी कोच कुठे थांबतोय तेवढं लिहून पाठवा. दिवसवार आकडे मांडून देतो.